आम्ही चाललो

रवि., २४ ऑगस्ट, अल्बनी

सीझनची पहिली मॅच आणि पहिलीच बोंब. ०-३. जर्मनीत समीर आणि मी एकत्र शिकत होतो, तेव्हापासून तिथल्या या फुटबॉल क्लबच्या नादी लागलोय. दर वर्षी ऑगस्टमध्येच डोक्याला ताप सुरू. नियम तोच. मॅच असते तेव्हा इथे सगळे झोपेत, म्हणून शनिवारीच फोन बंद करायचे. रविवारी सकाळी समीर शहराच्या दुसऱ्या टोकाहून, ओटाहुहूहून, येणार, मग रेकॉर्डिंग. निकाल आधी कळता कामा नये. समीर म्हणाला, "आपला डिफेन्स म्हणजे चाळण आहे." खरं होतं, तरी चिडलो.

रवि., २ नोव्हें.

परत हरलो. नवा कोच आणलाय, बोलतो छान. पोरं मैदानात शतपावली घालतायत. बायको, अनघा, म्हणाली, "त्यांना पगार मिळतो. तुम्हाला काय मिळतं?" समीर आणि मी एकदमच ओरडलो, "आपला क्लब आहे!" इरा हसत, "बाबा, यू गाईज डोन्ट इव्हन प्ले." नऊ वर्षांची कार्टी.

रवि., १५ फेब्रु.

तळापासून दुसरे. गोलकीपरने स्वतःच्या हाताने बॉल आत घातला. टीव्हीवर पायातली जँडल फेकली. समीरच्या मांडीवर फोन. चालू फोन! म्हणे, महत्त्वाचा कॉल यायचाय. रविवारी सकाळी कसला डोंबलाचा कॉल? भांडलो. मॅच अर्धी टाकून गेला.

रवि., २६ एप्रिल

आज हरलो असतो तर खालची लीग नक्की. आणि समीरचा पत्ता नाही. कुठे मेला म्हणून फोन चालू केला, तर त्याचाच मेसेज: "आम्ही चाललो."

एवढंच. तळपायाची आग मस्तकात. इतक्या वर्षांचा नियम, आणि निकाल असा तोंडावर फेकायचा? पडलो ते पडलो, निदान बघू तरी दे! तशीच लावली मॅच.

जिंकलो. २-१.

मग मेसेज पुन्हा वाचला. क्लबबद्दल आमच्यात कधी 'आम्ही' नसतं. आपण हरलो, आपली वाट लागली, आपण वाचलो. 'आम्ही' म्हणजे तो आणि त्याची बायको प्राची. मी त्यात नाही.

सोम., २७ एप्रिल

ब्रिस्बेन. दोघांनाही नोकरी, पगार जास्त, ऊन जास्त. फेब्रुवारीतला कॉल म्हणजे त्याचा इंटरव्ह्यू. "अरे, सांगणारच होतो. तोंडावर सांगायला जमेना." मेसेज करायला बरं जमलं! मी म्हणालो, "जा. स्वीट अ‍ॅज." इथल्या भाषेत, काही हरकत नाही. आणि फोन आपटला.

इथून सगळेच तिकडे पळतात, मान्य. पण हा? सीझन चालू असताना?

रवि., १० मे

एकट्याने बघितली. ड्रॉ. रेफरीला शिव्या घातल्या, पण पुढची शिवी घालायला शेजारी कोणी नाही. अनघा: "नक्की राग कोणावर आहे?" सगळ्यांवर. इरा सोफ्यावर येऊन बसली, "इज समीरकाका मॅड अ‍ॅट यू?" म्हटलं, मीच त्याच्यावर मॅड आहे. "बट ही इजन्ट हिअर," म्हणाली. तेच तर.

रवि., १७ मे

सोळावा नंबर. म्हणजे धड बुडालो नाही, धड तरलो नाही. आता खालच्या लीगमधल्या तिसऱ्या टीमशी दोन मॅच, त्यावर सगळं. दुसरी मॅच इथल्या मंगळवारी, २६ ला सकाळी. प्राचीने अनघाला सांगितलं, त्यांचं विमान त्याच दुपारी. जाऊ दे. मला काय करायचंय.

सोम., २५ मे

पहिली मॅच हरलो, ०-१. उद्या किमान दोन गोल हवेत. आपल्या पोरांकडून. हसू येतं.

आत्ता समीरचा मेसेज: "उद्या घराच्या चाव्या देऊन दहाला येतो. तिथूनच एअरपोर्ट. रेकॉर्डिंग लावून ठेव, आपण बघू."

'आपण' म्हणे. तीनदा वाचलं. इतके दिवस 'आम्ही', आणि आता निघताना 'आपण'! फार लांबलचक उत्तर टाइप केलं, सगळं काढलं त्यात, फेब्रुवारीपासूनचं. मग खोडलं.

काहीच पाठवलं नाही. रेकॉर्डिंग लावलं. नियम तोच: फोन बंद केला.