दाखला आपोआप जात नाही

१२ नोव्हेंबर

प्रिय अमा,

तू बरी असशील आणि आपांचा गुडघा या थंडीत फार छळत नसेल, अशी आशा करते. मी मजेत आहे. वेळेवर जेवते. तू भाजून दिलेल्या मिरच्या अजून संपलेल्या नाहीत. माझी खोलीतली मैत्रीण त्यांना घाबरते, त्यामुळे पुरतायत. इथेही धुकं पडायला लागलंय. आपल्याकडच्याइतकं दाट नाही, पण सकाळी गाडी शोधावी लागते.

रविवारीच फोनवर बोललो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी "अमा, एक सांगायचंय" म्हटलं की लगेच तुझं सुरू, "पैसे हवेत का? नाही ना? मग जेवलीस का?" आणि मलाही सुटल्यासारखं वाटतं.

अभ्यास ठीक चाललाय. आपल्या गावातल्या कॉलेजात केलेल्या विषयांची माझी सगळी क्रेडिट इथे विद्यापीठात धरली. एकही विषय पुन्हा करावा लागला नाही.

हे वाक्य लिहिलं आणि तुझं रविवारचं बोलणं आठवलं.

रविवारी तू सहज म्हणालीस, "शेजारच्या चोलेला सांगून टाकलं, विद्यापीठ आपल्यासाठी नव्हतंच. एका बाईनं म्हातारपणी हौस केली, झालं." वर हसलीस. अमा, विद्यापीठानं तुला घेतलं होतं. दोघींना बरोबरच घेतलं होतं. बायको आणि लेक दोघी विद्यापीठात म्हणून आपांनी त्या दिवशी अख्ख्या गल्लीला मांस भाजून खाऊ घातलं, आठवतं ना? अडलं ते पुढे, सामान्य विषयांवर. गणित, इतिहास, भाषणाचा तो वर्ग, सगळ्यांत तू पास झालीस. तरी ऑगस्टमध्ये विद्यापीठानं कळवलं की यातले निम्मे धरता येत नाहीत, आधी ते पुन्हा करा. तू म्हणालीस, माझंच काहीतरी कमी पडलं असणार. आणि दुसऱ्या दिवशी फळांच्या पॅकिंगला जाऊन पीचच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहिलीस.

तुझं काहीही कमी पडलं नव्हतं.

कॉलेजनं "हिचे सामान्य विषय पूर्ण झाले" असा दाखला पाठवला, तर विद्यापीठ सगळे विषय एकगठ्ठा धरतं. दाखला नसला की एकेक विषय चाळत बसतं आणि निम्मे बाजूला काढतं. हा दाखला आपोआप जात नाही. ज्याचा त्याला कॉलेजच्या खिडकीवर जाऊन मागावा लागतो. मी मेमध्ये माझा मागितला. खिडकीवरच्या ताव्हारेसबाई म्हणाल्या, "आणि आई कुठेय? बोलव की तिला, दोघींचं एकदमच करून टाकू." तू बाहेर गाडीत बसली होतीस. मी म्हणाले, "ती येईल नंतर."

गाडीत बसल्यावर तू विचारलंस, "आणखी काही करायचं राहिलंय का, पोरी?"

मी म्हणाले, "काही नाही. सगळं आपोआप जातं."

मी विसरले नव्हते, अमा. "विसरले" असं लिहिलेलं एक पत्र आत्ताच फाडून टाकलं.

नव्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ दाखवायचा तो एप्रिलमधला दिवस. तू पोळीत सारण गुंडाळलेल्या बुरितोंनी भरलेला मोठा डबा उचलून आणलास आणि दिसेल त्याला सांगत सुटलीस, "आम्ही मायलेकी वर्गमैत्रिणी!" केंड्रा नावाची एक मुलगी मला म्हणाली, "रोज आणणारेस का आईला? डब्यासकट?" सगळे हसले. तूही हसलीस, सगळ्यांत मोठ्यानं. मीही हसले. मला लाज वाटली, अमा. तुझी. आता लपवून काय करू? कुठेतरी एक जागा हवी होती, जिथे मी कुणाचीच मुलगी नसेन. ती मिळाली. आणि इथे मला काही करमत नाही.

कॉलेजला जायचो त्या धुक्यातल्या सकाळी आठवतात? गाडी मी चालवायचे. चौक आला की रेडिओ बंद, काच खाली, आणि तू डोकं बाहेर काढून ऐकायचीस, एखादा ट्रक येतोय का. तू "जा" म्हणालीस की मी जायचे. समोरचं बोटभरही दिसत नसायचं, तरी मी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मेमध्ये तू मला तसंच विचारलंस. आणि मी "जा" म्हणाले.

परवा इथल्या प्रवेशाच्या कचेरीत जाऊन सगळं खरं सांगून आले. दाखला महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी पोचला तर जानेवारीपासून तुझी जागा पक्की, असं त्यांनी सांगितलं. पण माझ्या सांगण्यावरून तो निघत नाही. खिडकीवर तुलाच जावं लागेल. जायचं की नाही, तू ठरव.

आणि एक कर. मला लगेच माफ करू नकोस. तुला ती घाई असते.

तुझीच, म्हणू दिलंस तर,
यारेली


२० नोव्हेंबर

यारेली,

जेवलीस का, हे या वेळी विचारत नाही.

पत्र मिळालं. पॅकिंगच्या आवारात गाडीत बसून वाचलं. सध्या संत्री चालू आहेत. त्या दिवशी माझ्या हातून किडकी किती पुढे गेली, देव जाणे. मुकादम ओरडला. मी पण ओरडले. तो गप्प झाला.

मला राग आलाय. तुझ्या आपांना सांगितलेलं नाही. तेही रागावले तर मला त्यांची समजूत घालत बसावं लागेल आणि माझा राग तसाच राहील.

खिडकीवर गेले होते. ताव्हारेसबाई म्हणाल्या, "एवढा उशीर का हो?" "पोरगी विसरली" हे ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "मी स्वतः येऊन विचारायला हवं होतं." ते खरंच आहे. दाखला त्यांनी माझ्यादेखत पाठवला.

एप्रिलमध्ये त्या मुलीच्या बोलण्यावर तू हसलीस, ते मी पाहिलं होतं. म्हणून तर मी जास्त मोठ्यानं हसले, तुझं हसू कुणाला दिसू नये म्हणून.

जानेवारीत येईन. तुझ्या शेजारी बसणार नाही. तू माझी कोण, हे तिथे कुणाला सांगायचं की नाही, ते आता मी ठरवीन. डबा आणणार. मला भूक लागते.

हायवेवर गाडी चालवायला शिकतेय. चोले शेजारी बसते आणि संतांची नावं घेत किंचाळते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तुला घरी मीच घेऊन येईन. धुकं असलं तर चौकात काच खाली कर, डोकं बाहेर काढ, आणि नीट ऐकून मग मला "जा" म्हण.

एर्लिंदा ओर्नेलास