बोर्डीत मासे सोडल्याबद्दल

बोर्डी, रविवार

आदरणीय एलिझरदादांना शमूचा शालोम.

ताजी बातमी अशी की मी मासे सोडल्याला आज तेवीस दिवस झाले. रिबकाने याला दुजोरा दिला असून तिला हे दिवस जास्त वाटले, असंही ती म्हणते. तुमचा गुडघा कसा आहे? सिनेगॉगात तुमचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो ना?

झालं असं, की किप्पुरच्या उपासात दुपारी चारच्या सुमारास मला फार निर्मळ वाटू लागलं. शरीर म्हणजे आत्म्याचं भाड्याचं घर, असं काहीसं मनात आलं आणि त्या भरात वर्षभर मासा खाणार नाही, असा नवस मी मोठ्याने बोलून बसलो. (आदल्या संध्याकाळपासून काहीच खाल्लेलं नसताना मासे सोडणं अजिबात जड जात नाही.) दुसऱ्या दिवशी वाढवणची चंद्रा टोपली घेऊन दारात. मी नको म्हटल्यावर तिने डॉक्टरने बंद केले का, असं विचारलं. मी म्हटलं, देवासाठी सोडलेत.

"देवाने मागितलं?"

"नाही, मीच दिलं."

"मग दादा, त्याला एकदा विचारून तरी घ्यायचं," म्हणाली आणि रिबकाला दोन पापलेटं देऊन गेली.

तेव्हापासून दर शुक्रवारी रात्री शब्बाथला रिबका नारळाच्या दुधातलं पापलेट खाते आणि मी वरणभातासमोर बसून प्रार्थना म्हणतो. मन वर जाईल अशी अपेक्षा होती. ते स्वयंपाकघरात गेलं आहे. पूर्वी मासा आठवड्यातून एकदा आठवायचा, आता रोज तिन्ही प्रार्थनांत आठवतो. त्यात आपल्या जुन्या गुरूंचं म्हणणं वाचनात आलं, की जे खायची मोकळीक आहे ते डोळ्यांनी पाहूनही खाल्लं नाही, तर वर गेल्यावर त्याचा जाब द्यावा लागतो. चंद्रा रोज आमच्याच दारावरून जाते. द्राक्षारस सोडणाऱ्या नवसकऱ्यालाही शेवटी, तो सोडल्याच्या पापाबद्दल, पापार्पण करावं लागे, हे तर लहानपणी तुम्हीच शिकवलं होतं. तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

बाकी क्षेम. चिकू बरे आहेत.

तुमचा,
शमू

ता.क. नवसातून सोडवायला आपल्यातले तीन पुरुष लागतात. डहाणूपासून तलासरीपर्यंत मला एकच माहीत आहे, आणि तो मीच. तरी गुरुवारी दोघांना घेऊन या.

आणखी ता.क. पश्चात्ताप खरा हवा, असं तुम्ही म्हणाल. खरा आहे. कशाचा, ते फार खोलात विचारू नये.

शेवटचं. चंद्राला शुक्रवारसाठी सहा पापलेटं सांगून झाली आहेत. (सांगणं म्हणजे खाणं नव्हे.) तुम्ही आला नाहीत, तर रिबका ती माझ्यासमोर बसून खाणार आहे, आणि चव कशी झाली ते तुम्हाला फोनवर कळवणार आहे.