तिसऱ्या वायरीची टिकटिक

सोमवार, ३ फेब्रुवारी

गिऱ्हाइकाची खुर्ची पुन्हा टेबलाच्या उजवीकडे! वर्षभर हाच खेळ चाललाय. मी डावीकडे, फॅनखाली ठेवतो. सकाळी गॅरेज उघडावं तर उजवीकडे. सुंदरला विचारलं तर म्हणते, झाडताना सरकते. बायकोशी कोण वाद घालणार.

दुपारी संघमित्राबाई आल्या. गुलाबनानांची मुलगी, इथेच पारोळ्यात शाळेत शिकवतात. नानांची पांढरी गाडी घेऊन आल्या. अठ्ठ्याण्णव सालची, पहिल्या दिवसापासून माझ्याच हाताखालची. तापली की मिसिंग करते, झटके खाते. दर मंगळवारी-शुक्रवारी नानांना डायलिसिसला धुळ्याला न्यायचं असतं, म्हणजे गाडी उद्या सकाळी हवीच. बॉनेट उघडून इंजिन चालू केलं. बाई वाकून म्हणाल्या, "भाऊ, ही टिकटिक कशाची?"

"टॅपेटची," मी म्हणालो. "जुन्या गाडीला असतेच."

नवे प्लग टाकले, कार्बोरेटर धुतला, संध्याकाळी गाडी दिली. बाई खूश होऊन गेल्या.

इथे खोटं कशाला लिहू? मला टिकटिक ऐकूच आली नव्हती.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गाडी धुळ्याला जाऊन आली. तक्रार नाही. सुटलो!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी



सकाळी टेबलाशी बसून एक पंप उघडत होतो. सुंदर मागच्या घरातून पळत आली, हाताला कणीक तशीच. "फोन कव्हना वाजी ऱ्हायना! ऐकू नई येस का तुमले?" फोन टेबलावरच, माझ्यापासून दोन हातांवर. संघमित्राबाईंचे सहा मिस्ड कॉल!

"ग्राइंडर चालू होता," मी म्हणालो. ग्राइंडर बंद होता. सुंदरनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पीठ झटकत परत गेली.

उलट फोन लावला. धुळ्याला जाताना मुकटी गावाच्या अलीकडे हायवेवर गाडी झटके खाऊन बंद पडली. मागून ट्रक. त्यानं कसाबसा वळवला, बाई सांगताना रडत होत्या. नाना रस्त्याच्या कडेला उन्हात बसलेले, पाय सुजलेले. सावद्याहून केळी घेऊन निघालेला एक टेम्पोवाला देवासारखा थांबला, त्यानं दोघांना धुळ्याला सोडलं. डायलिसिसला दोन तास उशीर झाला. मी जाऊन गाडी ओढून आणली.

ट्रकवाल्यानं वळवला नसता तर? सकाळपासून हेच डोक्यात. जेवण गेलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बाईंनी मंगळवारसाठी दुसरी गाडी सांगून ठेवलीय. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

दिवसभर तीच गाडी. इंजिन तापवलं आणि चाळीस वर्षं करतोय तेच केलं — प्लगच्या चार वायरी, एकेक काढून बघायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिनाचा सूर पडतो. ज्या वायरीनं फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. यात अक्कल लागत नाही, कान लागतो.

पहिली काढली. दुसरी. तिसरी. चौथी. पुन्हा पहिलीपासून. मला चारही सारख्याच! पाना फेकून मारला, भिंतीचा पोपडा निघाला.

एकदा लिहूनच टाकतो. मला कमी ऐकू येतं. कुकरची शिट्टी येत नाही. देवळातली घंटा येते, आरतीतल्या टाळ्या येत नाहीत. डाव्या कानाला तर जवळजवळ काहीच नाही. दोन वर्षं झाली असतील. चाळीस वर्षांचे हातोडे आणि ग्राइंडर, आणखी काय होणार? कुणाला सांगितलेलं नाही. बहिऱ्या मेकॅनिकच्या हातात इंजिन कोण देईल?

रविवार, ९ फेब्रुवारी

सापडलं!

आंघोळ करताना बाईंचं वाक्य आठवलं — ही टिकटिक कशाची. टॅपेटचा आवाज जाडाभरडा, तो मला अजून येतो. मग जो मला आला नाही तो बारीक असणार. आणि इंजिनात बारीक टिकटिक म्हणजे करंट गळतोय! बाईंनी सोमवारीच रोग सांगितला होता. मी शहाणा, त्यांनाच गप्प केलं.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते उस्ताद म्हणायचे, गळणारा करंट अंधारात बघावा. भर दुपारी शटर सायलेन्सरच्या नळीपर्यंत खाली ओढलं, धूर बाहेर जाईल एवढंच. उरलेल्या फटीला गोणपाट लावलं. वीस मिनिटं इंजिन चालू. घामानं निथळलो. काही दिसेना. वायरींवर थोडं पाणी शिंपडलं आणि थांबलो. डोकं गरगरायला लागलं, बंद करावं म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात तिसऱ्या वायरीजवळ निळी ठिणगी! पुन्हा. पुन्हा. क्लिपखाली वायर चिरलेली, करंट प्लगला जायच्या ऐवजी इंजिनाच्या अंगावर उडत होता. प्रत्येक ठिणगीला आवाज होत असणार. मी हातभर अंतरावर उभा होतो आणि मला फक्त दिसत होतं.

शटर वर केलं आणि बाहेर पायरीवर बसलो. रोग सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. रडू आलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

एसटीनं जळगावला गेलो. चार दुकानं फिरलो तेव्हा या गाडीचा वायरींचा संच मिळाला. बसवला. एरंडोलपर्यंत चालवून आणली, चांगली तापवली. एक झटका नाही.

तरी धीर होईना. माझ्या कानावर माझाच विश्वास नाही. सुंदरला हाक मारून बॉनेटपाशी उभं केलं. "काही टिकटिक येते का?" तिनं कान दिला, बराच वेळ. "नई. बठ्ठं ठीक शे." तिलाच का विचारतोय, हे तिनं विचारलं नाही.

बाईंना फोन केला. दुसरी गाडी नको म्हणाल्या, आपलीच नेतो.

उद्या नाना परत आले की खरं सांगणार. त्यांना उन्हात बसवलं ते गाडीनं नाही, माझ्या खोट्यानं. परवापर्यंत पारोळाभर होईल. होऊ दे. गॅरेज बंद पडलं तर पडलं. आता गप्प बसवत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गाडी धुळ्याला जाऊन आली, विनाझटका. दोघं थांबले. मी सगळं सांगितलं, एका दमात.

नाना हसले. "बठ्ठा पारोळाले म्हाईत शे, रुपचंद."

बाई खाली बघत म्हणाल्या, वहिनींनी वर्षापूर्वीच सगळ्यांना सांगून ठेवलंय — भाऊंशी उजव्या बाजूनं बोला, आणि त्यांना कळू देऊ नका.

म्हणजे वर्षभर लोक गाड्या आणत होते ते माहीत असून!

संध्याकाळी गॅरेज मी झाडलं. खुर्ची उजवीकडेच ठेवली.