दाजींनी मारलेली गाठ

रमली दाजी,

घर सताड उघडं दिसलं तर चोर शिरला असं समजू नका, मीच सगळं उघडलंय! ताईला सकाळीच कळा लागल्या, महिनाभर आधीच. बाळंतपण अडलं की घरात काही बंद ठेवायचं नाही, म्हणून आईने माझ्याकडून पेट्या, कपाटं, अगदी तांदळाचा डबासुद्धा उघडून घेतला. तरी सुटका होईना. मग मागच्या खोलीत तुम्ही दोरीला गाठ मारून गुपचूप टांगलेला पाळणा सापडला. अहो दाजी, बायको पोटुशी असताना नवऱ्याने गाठ मारायची नसते, एवढंही ठाऊक नाही? आई म्हणाली, "कोळ्याची गाठ ती, सुटतेय कसली!" मी सुरी आणली, तर तेवढ्या कळांमध्येही ताई ओरडली, "माझ्या नवऱ्याने बांधलाय, हात तर लावून बघ!"

शेवटी सुईणच म्हणाली, बाळ आडवं आहे, हे माझ्या हातातलं नाही. शेजारच्या हाजींच्या होडीने ताईला शहरातल्या इस्पितळात नेतोय. रक्त लागेल म्हणे, आणि तुमचा गट जुळतो, तेव्हा मासळी-जाळी तशीच टाका आणि या. आई म्हणते, आधी ती गाठ सोडा. सोडायची की नाही ते तुम्ही बघा, पण त्यात वेळ घालवू नका.

आणि एक. दुपारपासून बाळ हललेलं नाही. ताई कुणालाच काही विचारत नाहीये, पोटावरचा हात तेवढा काढत नाही. तुम्हीही तिला काही विचारू नका.

नोरिया