दोराचा वास

मरोळ, १२ जुलै २०२५

ती. सरूआत्यास, कल्पिताचा सा. न.

बाबांचा हात नेणारा नांगराचा दोर नायलॉनचा नव्हता. आमच्या कारखान्यात माल तपासणाऱ्या प्रियंकाने काल तुकडा वितळवून खात्रीने सांगितलं: पॉलिप्रॉपिलिन. आम्ही इथे त्याच्या खुर्च्या आणि डबे करतो. हे तर भंगारातलं, पुन्हा वितळवलेलं. उन्हात ठिसूळ होतं. आणि तो नायलॉन म्हणून विकणारा लवूशेठ वर्षभर सांगत फिरतोय, हरेश्वरने पिऊन काम केलं म्हणून.

मला त्याची माफी नको, त्याची वाट लागलेली हवी. २० तारखेच्या बैठकीत सगळ्या बोटींचे दोर पुन्हा त्याच्याकडूनच घ्यायचं ठरणार ना? तिथे बादलीभर पाणी ठेव. नायलॉन बुडतं, हे तरंगतं.

फोन नको. तुझा फोन किरणदादा बघतो आणि तुझा मुलगा असला तरी तो पडला लवूचा जावई. चिठ्ठी इथे मासळी विकायला येणाऱ्या शेवंतीच्या सुक्या बोंबलांच्या पाटीतून पाठव, दुधाच्या पिशवीत गुंडाळून. भिजत नाही.

तुझी माया अशीच राहू दे.
कल्पिता

गोराई, १५ जुलै

चि. कल्पितास, अ. आ.

बैठकीपर्यंत कोण थांबतंय? काल मी लवूच्या दुकानासमोरच बादली मांडली. दोर दगडासारखा तळाला गेला! लवू म्हणतो, सरूबाई, आता त्यात मासेपण धरा. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. घरी किरण वेगळा भडकला. काय गं तुझं शिक्षण!

पण एक गोष्ट वर्षभर घशात अडकलीय, ती लिहिते. नवा दोर आणला तेव्हा दादाने, तुझ्या बाबाने, त्याचं टोक जाळून बंद केलं आणि म्हणाला, सरू, हा वास मेणबत्तीसारखा येतोय. मी म्हटलं, पुरे झालं तुझं नाक, बोट निघायचीय. मीच गप्प केलं त्याला. आता लवूला मी सोडत नाही. दुसरं काहीतरी सांग, लवकर.

तुझीच,
सरूआत्या

मरोळ, १७ जुलै

ती. आत्यास, सा. न.

चूक माझी. पाण्यात टाकून न बघताच लिहिलं. आज प्रियंकाने तुकडा पुरता जाळला, तर पांढरी राख उरली. वजन वाढावं म्हणून खडूची भुकटी घातलीय, म्हणून बुडला.

पण वास लपत नाही. नायलॉन जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि हे जळतं मेणबत्तीसारखं. बाबांचं नाक बरोबर होतं, त्यांना सांग. आपल्या गावात सगळेच दोरांची टोकं जाळून बंद करतात. नायलॉनचा वास कोणाला शिकवायला नको.

रागावलीस तरी लिहीत राहा.
कल्पिता

गोराई, १९ जुलै

चि. कल्पितास, अ. आ.

चिठ्ठी दादाला वाचून दाखवली. आज सकाळी न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आला, वर्षात पहिल्यांदा.

किरणलाही सांगून टाकलं. आधी माझ्यावर ओरडला. मग मागे जाऊन आपल्या बोटीच्या दोराचं टोक जाळून आला आणि ओट्यावर बसून राहिला. उद्या तो आपल्या बाजूला बसेल.

बैठक चारला. लवू नवा गठ्ठा दाखवायला आणणार आहे. दादा सगळ्यांसमोर त्याचं टोक डाव्या हातात धरून उभा राहील. दोर धरला की काडी ओढायला त्याच्याकडे दुसरा हात नाही. म्हणून काडीपेटी आम्ही लवूच्याच हातात देणार.

येशील तर तीनला ये. लोभ आहेच.
सरूआत्या