गरम तळवे

वहिनी,
नमस्कार. खुशाली रविवारी फोनवर सांगितलीच. हे त्यातलं उरलेलं.

कॉलेज सुटलं की मी इथल्या वृद्धाश्रमात मदतीला जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी एका आजींना कुशीवर वळवायचं होतं. मी आधी तळवे एकमेकांवर चोळून गरम केले, मग त्यांच्या पाठीला लावले. त्या दचकल्या नाहीत. मुख्य नर्सने विचारलं, "कुठे शिकलास हे?" मी म्हणालो, "आई दोन वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं मीच केलं."

आता इथे सगळे तसेच तळवे चोळतात आणि ती माझी पद्धत म्हणून सांगतात.

आईचं सगळं तुम्ही केलंत. मी नाकाला रुमाल लावून दारात उभा असायचो. तिथून जेवढं दिसलं तेवढं शिकलो.

रविवारी तुम्ही म्हणालात, "काय भाऊजी, म्हाताऱ्यांचं करता म्हणे! रुमाल नेलाय ना?" तुम्ही हसलात, म्हणून मीही हसलो.

उद्या नवे स्वयंसेवक येणार आहेत. त्यांना मीच शिकवायचं आहे. "आईचीही गोष्ट सांग," असं नर्सने बजावलंय. तेव्हा तुमचं नाव घेणार आहे. इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, म्हणून ते सोपं जाईल असं वाटलं होतं. सकाळपासून हात गार पडलेत.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. वाचून तुम्ही म्हणाल, "असू द्या हो, भाऊजी." आणि मी लगेच असू देईन.

दारातूनच,
तुमचा धाकटा दीर