मोठी बॅटरी फुल आहे

३ नोव्हेंबर, सोमवार
रुचिताला शिक्षकभरतीचं पत्र आलं! १९ तारखेला सकाळी दहा वाजता अलिबागला हजर. मेरिटप्रमाणे नावं पुकारणार, आपण शाळा निवडायची. लेकीचा नंबर अकरावा, म्हणजे इथली बोर्लीची शाळा नक्की. दिवेआगरच्या घरातून डबा घेऊन जाईल. मात्र नाव पुकारताना हजर नसेल, तर शेवटी उरेल ती शाळा.
आमच्या सौ.चं, जयमालाचं म्हणणं, आदल्या दिवशी एसटीने पाठवू, अलिबागच्या मावशीकडे राहील. हाणून पाडलं. दारात हायब्रिड गाडी असताना मावशी कशाला? मी स्वतः नेणार.

६ नोव्हेंबर
गाडी पंधरा दिवस कव्हरखाली. खारी हवा, म्हणून बाहेर काढत नाही. पण आजपासून व्यायाम. रोज सकाळी अर्धा तास चालू करून आत बसणे. बटण दाबलं. पडदा उजळला, पंखा सुरू, रेडिओ सुरू, इंजिनाचा आवाज शून्य. हीच तर हायब्रिडची खुबी. बॅटरीच्या चित्रात सगळ्या कांड्या भरलेल्या.
मॅन्युअल उघडलं. चौथ्या पानावर झोप लागली. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला मॅन्युअल लागत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
इन्व्हर्टर बघायला सोनल आली. माझी विद्यार्थिनी, आता बोर्लीत बॅटऱ्यांचं दुकान. नववीला विज्ञानात सदतीस मार्क. जयभीम सर, म्हणाली आणि लगेच मलाच शिकवू लागली. म्हणे, सर, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबता का? पडद्यावर 'रेडी' येतं का? न्हाय येत, तर गाडी चालूच न्हाय. कॉम्प्युटर, कुलपं, लाइट सगळं मागच्या छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर. मोठी बॅटरी गाडीला जोडायचा स्विचही तीच ओढते. मोठी छोटीला चार्ज करते, पण फक्त 'रेडी' असताना. तुम्ही रोज बसून छोटी संपवताय.
दोनशे व्होल्टच्या बॅटरीने बारा व्होल्टवालीची परवानगी घ्यायची? उद्या हेडमास्तर शिपायाला विचारून शाळा उघडतील. कागदावर आकृती काढून तिला पुन्हा समजावलं. चहा संपवून निघाली. पालथ्या घड्यावर पाणी.

१० नोव्हेंबर
कुणी बघत नसताना ब्रेक दाबून पाहिलं. 'रेडी' आलं खरं. पण मिनिटभरात इंजिन आपोआप सुरू. बंद केलं. पेट्रोलच जाळायचं तर हायब्रिड घेतली कशाला? माझी पद्धत बरोबर. वेळ वाढवून एक तास.

१५ नोव्हेंबर
रेडिओ मध्येच बंद पडला. पडद्यावर बॅटरीबद्दल काहीतरी सूचना. दमट हवा, दुसरं काय? फडक्याने पडदा पुसला. सूचना गेली. पडदाही गेला. दुपारी परत आला. विश्रांती हवी होती त्याला. मोठी बॅटरी फुल आहे.
जयमालाने परवा पुन्हा एसटीचं काढलं. दोन दिवस अबोला. (माझा. तिला अजून कळलेला दिसत नाही.)

१८ नोव्हेंबर, संध्याकाळी
जय्यत तयारी. चारी दारं उघडी टाकून, आतले दिवे लावून सीटा पुसल्या. तीन तास लागले. साडेसहाला निघायचं, दिघीला गाडी पहिल्या बोटीत चढवायची, मुरूडवरून अलिबाग. साडेनऊला हजर. रुचिताने विचारलं, बाबा, नक्की ना? विचारणं आवडलं नाही.

१९ नोव्हेंबर, ६.३०
बटण दाबलं. टक टक टक. पडदा काळा.

६.४०
ब्रेक दाबून. टक.

६.५०
रस्त्यावरून एसटी गेली. रुचिता फाइल छातीशी धरून ओट्यावर बसली आहे. माझ्याकडे बघत नाही.

७.३५
जयमालाने परस्पर सोनलला बोलावलं. ती स्कूटरवर पायाशी बॅटरी घेऊन आली. डिकी उघडेना, तिचं कुलूपही विजेचं. सोनलने बॉनेट उघडून आतल्या जोडणीच्या टोकांना दोन वायरी लावल्या. 'रेडी'. दीड मिनिट. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रात्री
पहिली बोट गेली होती. अलिबागला पोचलो अकराला. अकरावं नाव दहा वीसला पुकारून झालेलं. मी साहेबांना हायब्रिड समजावून सांगू लागलो. रुचिताने माझा हात धरून मला बाहेर बसवलं. उरलेली शाळा मिळाली : पोलादपूरच्या वर डोंगरात, एकशिक्षकी.
गाडीने मायलेज मात्र झकास दिलं. घरी कुणी विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
उद्या रुजू व्हायचं, म्हणून रुचिता आजच निघाली. मी सोडतो म्हणालो. जयमाला म्हणाली, रिझर्वेशन झालंय. स्टँडवर बॅग उचलायला गेलो तर पोरीने ती आधीच उचलली होती.
चूक माझी होती. इथे लिहायला हरकत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
गाडीत नवी छोटी बॅटरी. सोनलने बसवली. मी बाजूला उभा होतो.
रुचिताचा फोन आला. वर्गात नऊ मुलं, नेटवर्क फक्त टेकडीवर. म्हटलं, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, दोघं जेवू. म्हणाली, या ना बाबा. पण मला तुमची वाट बघायचीय, काळजी नाही करायची. एसटीने या.